पाण्याची वेळ मोजणारी पेटी

वरंध घाटाच्या पायथ्याशीं पावसाळ्यांत पाणी वाहून जातें आणि होळी सरतांच विहिरी तळ गांठूं लागतात. अशा वेळीं पंप नेमकीं मिनिटें चालून आपोआप थांबला पाहिजे. हें काम करणाऱ्या पेटींतील गणकाविषयीं आम्ही येथें थोडें लिहीत आहों.

पूर्वीं घटिकापात्र भरून बुडालें म्हणजे एक घटिका, अर्थात् २४ मिनिटें, झालीं असें मानीत. चिपेंतील गणक तसाच स्पंदनें मोजून भरतो. सोळा बिटांच्या गणकांत ६५,५३६ स्पंदनें मावतात. सेकंदास १ कोटी ६० लक्ष स्पंदनें असल्यास तो ४ मिलिसेकंदांतच भरतो. म्हणून पुढील हिशेब आज्ञावलीकडे असतो.

ही आज्ञावली दोन थरांची असावी. खालच्या थरानें चिपेचा गणक सांभाळावा. वरच्यानें ‘४० मिनिटांनीं पंप बंद’ एवढेंच सांगावें. मग चीप बदलली तरी वरचा थर तसाच चालतो.

खरा धोका पुढेंच आहे. मिलिसेकंद मोजणारा बत्तीस बिटांचा गणक ४९ दिवस १७ तासांनीं पुन्हां शून्यावर येतो. ‘ठरलेला आंकडा ओलांडला काय’ एवढेंच पाहणारी आज्ञावली तेव्हां फसते. पंप लागतांच बंद पडतो, क्वचित् थांबतच नाहीं. आतांच्या आंकड्यांतून आरंभींचा आंकडा वजा करून गेलेला वेळ काढणारी आज्ञावली मात्र शून्य ओलांडूनही चुकत नाहीं. वीज वारंवार जाते तेथें गणक नव्यानें सुरू होत असल्यामुळें हा दोष दडून राहतो.

तरी पेटी घेतांना सभासदांनीं विक्रेत्यास अवश्य विचारावें: ही पन्नास दिवस अखंड चालवून पाहिली आहे काय?