वळिवाचा आठवडा : ग्रीष्माचा ताप, सायंकाळचा पाऊस आणि वैद्याची दक्षता

एप्रिल-मे महिन्यांत पुणे वेधशाळेचा अंदाज कित्येकदा आठवडाभर जवळपास सारखाच असतो. सकाळी आकाश निरभ्र, कमाल तापमान चाळीस अंशांच्या आसपास आणि सायंकाळी मेघगर्जनेसह हलक्या पावसाची शक्यता. सर्वसामान्य माणूस यातून दोन स्वतंत्र गोष्टी वाचतो : दुपारी त्रास आणि सायंकाळी सुटका. वैद्याने मात्र या दोन्हींचा एकत्रित विचार करावयास हवा. हे उशिरा उमगल्याने एका रुग्णाच्या जिवावर बेतले होते. त्या अनुभवाने प्रस्तुत लेखाचा आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, वळीव नुकताच पडून गेल्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचे काम करणारा एक तरुण दापोडीतील माझ्या चिकित्सालयात आला. शिरःशूल, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आणि पीत-रक्त वर्णाचे अल्प मूत्र अशी लक्षणे होती. नाडी द्रुत होती, परंतु अंगाला हात लावता विशेष ताप जाणवला नाही. पित्तशामक चिकित्सा योजली, सरबत घेण्यास सांगितले आणि म्हणालो, "आता हवा गार झाली आहे, उद्या कामावर जाण्यास हरकत नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी तो काम करता करता असंबद्ध बोलू लागला व कोसळला. सहकाऱ्यांनी त्याला रुग्णालयात नेले तेव्हा शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअस होते. चार दिवसांनी तो बरा होऊन घरी आला, हे आम्हा दोघांचेही भाग्य. माझे औषध चुकले नव्हते. चुकली होती ती कामावर जाण्याची अनुज्ञा. सायंकाळच्या गारव्याने रुग्णाला जसे फसविले तसेच मलाही.

वळीव कसा घडतो

ग्रीष्मात दख्खनच्या पठाराची जमीन दुपारपर्यंत अतिशय तापते आणि तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढू लागते. ही हवा कोरडी असेल तर ढग बनत नाहीत व केवळ उन्हाळा जाणवतो. परंतु समुद्रावरून बाष्प येऊन मिळाले तर वर चढणाऱ्या हवेतील बाष्पाचे थेंब बनतात. त्या वेळी मुक्त होणारी उष्णता हवेला आणखी वर ढकलते आणि दोन-तीन तासांत कित्येक किलोमीटर उंचीचा गर्जणारा मेघ उभा राहतो. त्यातून पाऊस पडू लागला की थंड, जड हवा वेगाने खाली येते. पावसाआधी धुळीचा लोट उठवणारा वारा तो हाच. अर्ध्या तासात तापमान आठ-दहा अंशांनी उतरू शकते.

असा मेघ स्थानिक असतो. पवना जेथे मुळेला मिळते त्या दापोडीच्या परिसरात धो-धो पाऊस पडावा आणि चिंचवडला थेंबही नसावा, हे नित्याचे आहे. म्हणूनच वेधशाळा 'शक्यता' हा शब्द वापरते. पाऊस पडो वा न पडो, ही शक्यता वर्तविली जाते तेव्हा हवेत बाष्प वाढलेले असते. वैद्याच्या दृष्टीने खरी सूचना हीच आहे.

शास्त्रदृष्टी

चरकसंहितेच्या गणनेनुसार ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म ऋतू होय. सुश्रुतसंहितेतील प्रावृट् ऋतूसह केलेल्या दुसऱ्या गणनेत वैशाख-ज्येष्ठ हा ग्रीष्म येतो आणि आपल्या प्रदेशातील अनुभवाशी ही गणना अधिक जुळते. पुण्यातील ४३.३ अंशांचा जुना उच्चांक ३० एप्रिल १८९७ चा आहे. एप्रिल २०१९ च्या अखेरीसही पारा ४३ च्या घरात गेला होता. तात्पर्य, ऋतू पंचांगावरून नव्हे तर लक्षणांवरून ओळखावा.

वाग्भटाने दोषांच्या चयप्रकोपाची जी कारणमीमांसा दिली आहे ती या आठवड्याला अगदी चपखल लागू पडते. रूक्षादी गुण उष्णाशी संयुक्त असता वायूचा संचय होतो आणि तेच गुण शीताशी संयुक्त झाले की प्रकोप होतो. ग्रीष्मात वायूचा संचय व वर्षा ऋतूत प्रकोप हा क्रम याच सिद्धांतावर उभा आहे. वळिवाच्या आठवड्यात ही दोन महिन्यांची घडामोड एका दिवसात दाटीवाटीने घडते. दुपारी रूक्ष-उष्णाने संचय आणि सायंकाळी आकस्मिक शीतस्पर्शाने प्रकोपाची प्रेरणा. त्यातच तापलेल्या भूमीवर पाणी पडून भूबाष्प उठते. वर्षा ऋतूत अग्निमांद्य होण्याच्या कारणांत संहिताकारांनी या भूबाष्पाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. म्हणूनच या दिवसांत संधिशूल, पिंडिकोद्वेष्टन, शिरःशूल, अतिसार आणि अरुचीचे रुग्ण एकदम वाढलेले दिसतात. यांतील प्रत्येक रुग्णाला 'उष्णता झाली' म्हणून केवळ शीत द्रव्यांचा भडिमार केल्यास मंद अग्नी अधिक मंद होतो.

षडंगपानीय येथे उत्तम काम करते. त्यात मुस्ता, पर्पटक, उशीर, चंदन, उदीच्य यांच्याबरोबर शुंठीही आहे. शीत द्रव्यांच्या समुदायात अग्नीची काळजी घेणारी ही योजना मार्मिक आहे. १० ग्रॅम भरड ६४० मिलि पाण्यात उकळून निम्मे उरवावे, गाळून थंड करावे आणि दिवसभरात थोडे थोडे घेण्यास सांगावे. रोज ताजे करणे आवश्यक आहे. पावसाचे पाणी 'आकाशोदक' म्हणून साठवून पिणाऱ्यांनाही सावध करावे. ऋतू सोडून पडलेले तसेच ऋतूतील पहिल्या पावसाचे पाणी पिऊ नये, असे अष्टांगहृदयातच सांगितले आहे.

पावसानंतरचा दिवस अधिक घातक का?

शरीर तापले असता ते थंड करण्याचा मुख्य मार्ग म्हणजे स्वेद. मात्र घाम येण्याने नव्हे, तर घाम वाळण्याने शरीर थंड होते. एक लिटर घाम त्वचेवर पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम ठिबकून खाली पडला तर जल व लवण गेले, उष्णता मात्र आतच राहिली.

तापमापीच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून वाऱ्यावर धरले तर जो आकडा येतो त्यावरून घाम किती वाळेल याचा अंदाज करता येतो. ४० अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा सुमारे २३ येतो. ३६ अंश तापमान व ५० टक्के आर्द्रता असेल तर तो २७ च्या पुढे जातो. म्हणजे वर्तमानपत्रात 'पारा चार अंशांनी उतरला' असे छापून येते त्या दिवशी भट्टीजवळ वा पत्र्याखाली राबणाऱ्या कामगाराची स्थिती प्रत्यक्षात अधिक बिकट असू शकते.

खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्यावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावरील तापमान ३८ अंशांच्या सुमारास होते. चाळिशी गाठली नाही म्हणजे भय नाही, हा समज किती घातक आहे याचे हे उदाहरण आहे. दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिलला, पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे वादळी वाऱ्यात जाहिरातीचा लोखंडी फलक कोसळून त्याखाली आश्रयाला उभे असलेले ५ जण दगावले. एका दिवशी ऊन, दुसऱ्या दिवशी वळिवाचा वारा. रुग्णांना पथ्य सांगताना 'वादळात फलकाखाली, झाडाखाली किंवा पत्र्याच्या आडोशाला उभे राहू नका' हे वाक्यही जोडावे.

उष्णता सहन करण्याचे सात्म्य येण्यास शरीराला साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. ऋतुसंधीचा काळही शास्त्राने मागच्या ऋतूचे शेवटचे सात व पुढच्या ऋतूचे पहिले सात असा चौदा दिवसांचा सांगितला आहे आणि सवयी क्रमाक्रमाने बदलण्यास सांगितल्या आहेत. गावाहून नुकताच आलेला, सुट्टीवरून परतलेला किंवा तापातून उठलेला कामगार पहिल्या आठवड्यात पूर्ण वेळ भट्टीवर जाऊ नये, एवढे आपण चिठ्ठीवर लिहून देऊ शकतो.

तपासणीतील चार प्रश्न

या आठवड्यात थकवा, मळमळ वा शिरःशूल घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला पुढील प्रश्न विचारावेत. काम कोठे व कोणत्या छपराखाली आहे? आज मूत्रप्रवृत्ती किती वेळा झाली व वर्ण कसा होता? रात्री झोपण्याची जागा थंड होते काय? मूत्रल, मानसरोगावरील अथवा रक्तदाबाची कोणती औषधे चालू आहेत? पत्र्याच्या घरात राहणाऱ्याचे शरीर रात्रीही पुरते निवत नाही आणि दुसऱ्या दिवसाचा ताप आदल्या दिवसाच्या शेषावर चढतो. माझ्या रुग्णाला मी हे प्रश्न विचारले नव्हते.

तीव्र संतापासह भ्रम, असंबद्ध भाषण, आक्षेप किंवा संज्ञानाश असेल तर तो उष्माघात समजावा. घाम येत आहे म्हणून तो नाकारू नये. श्रमजन्य उष्माघातात अंग घामाने ओले असू शकते. येथे कोणताही कल्प देत बसू नये. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून जोराने वारा घालावा, मान, काख व जांघेत बर्फ ठेवावा आणि त्याच वेळी १०८ ला कळवावे. थंड करणे आधी, हलविणे नंतर. बेशुद्ध रुग्णाच्या मुखात काहीही घालू नये. ज्वरघ्न गोळ्यांचा येथे उपयोग नाही.

लवण आणि तक्र : दोन शंका

ग्रीष्मचर्येत लवण, अम्ल व कटु रस वर्ज्य सांगितले आहेत. मग घामाने थबथबलेल्या कामगाराला मीठ-साखरेचे पाणी द्यावे काय? निःसंशय द्यावे. तो निषेध स्वस्थाच्या आहारातील रसांच्या अतिसेवनाविषयी आहे. येथे स्वेदावाटे गेलेल्या लवणाची पूर्ती करावयाची आहे. तासन्‌तास घाम गाळणाऱ्याने नुसतेच पाणी पीत राहणे हेही धोक्याचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची जलसंजीवनी एका पाकिटाला एक लिटर पाणी या प्रमाणातच द्यावी. मात्र उच्च रक्तदाब, हृद्रोग व वृक्कविकाराच्या रुग्णांत तारतम्य ठेवावे.

दुसरी शंका तक्राविषयी. उष्णकाली, तसेच दुर्बल, मूर्च्छा, भ्रम व दाह असलेल्या रुग्णांना तक्र देऊ नये असे सुश्रुताचे मत आहे, तर आपल्याकडे उन्हाळा आणि ताक यांचे नाते अतूट. निरोगी माणसाला जेवणासोबत ताजे, गोड, लोणी काढलेले, जिरेयुक्त ताक चालते असा माझा अनुभव आहे. परंतु गाडीवरचे दुपारपर्यंत आंबलेले ताक भोवळ आलेल्या रुग्णाला 'थंड' म्हणून देणे शास्त्राला व व्यवहारालाही धरून नाही.

तमकश्वासाचा रुग्ण

मेघ, जल, शीत व पूर्वेचा वारा यांनी तमकश्वास वाढतो, असे चरकाचार्यांनी सांगून ठेवले आहे. वादळी पावसाच्या आरंभीचा वारा परागकण व धूळ उडवितो आणि आर्द्रतेने फुटलेल्या परागांचे सूक्ष्म कण श्वासमार्गात खोलवर जातात, असे आधुनिक शास्त्र मानते. मेलबर्न येथे २१ नोव्हेंबर २०१६ च्या सायंकाळी अशाच वादळानंतर हजारो लोकांना श्वासाचा वेग आला व १० जण दगावले. आपल्या जुन्या श्वासरुग्णांनी या आठवड्यात मेघगर्जना ऐकताच घरात यावे, खिडक्या लावाव्यात आणि नित्याचे श्वासहर औषध व श्वासयंत्र हाताशी ठेवावे.

येथे एक बाब विशेष ध्यानात घ्यावी. कनकासवात धत्तूर आहे आणि धत्तूराने घाम कमी होतो. दिवसा उन्हात राबणाऱ्या श्वासरुग्णाला कनकासव चालू असेल तर मात्रा व आवश्यकता यांचा या दिवसांत पुन्हा विचार करावा. सायंकाळचा वेग शमविणारे औषध दुपारच्या स्वेदाच्या आड येऊ नये.

औषधालयातील दक्षता

चूर्ण दोन महिन्यांत व गुटिका-अवलेह वर्षभरात हीनवीर्य होतात, असे शार्ङ्गधराचे वचन आहे. वेष्टनावरील कायदेशीर मुदत आपण पाळतोच. पण ती मुदत थंड व कोरड्या जागी ठेवलेल्या औषधाची असते. पत्र्याखालच्या माळ्यावर दुपारी तापलेले आणि रात्री दमट हवेत राहिलेले औषध त्या मुदतीचा भरवसा देत नाही.

यवक्षार, श्वेतपर्पटी व लवणभास्कर चूर्ण हवेतील ओल झपाट्याने ओढतात. सितोपलादि व अविपत्तिकर यांत शर्करेचे प्रमाण मोठे असल्याने गठ्ठे बनतात. मोठे डबे पावसानंतर उघडू नयेत. सुटे चूर्ण दुपारी, हवा कोरडी असताना तोलून पुड्या बांधाव्यात. आसव-अरिष्टांच्या बाटल्या उन्हात उभ्या असलेल्या वाहनातून आल्या असतील तर झाकणाचा फुगवटा पाहूनच स्वीकाराव्यात. अनंतमूळ, उशीर यांची पोती जमिनीला व भिंतीला टेकवून ठेवू नयेत. बुरशीचा वास येणारे द्रव्य वाळवून विकू नये, टाकून द्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंना आणखी एक विनंती. चक्कर वा उलटीचे औषध मागण्यास आलेला कामगार बहुधा आपल्याआधी तुमच्याकडे येतो. गल्ल्यावरूनच वरील चार प्रश्न विचारावेत आणि तो अडखळत उत्तरे देत असेल तर औषध न देता त्याला बसवून पाणी ओतावे व मदत बोलवावी. जलसंजीवनी म्हणून गोड पेय देऊ नये. सूत्रानुसार नसलेल्या पेयांवर 'ओआरएस' हे नाव वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे.

समारोप

त्या तरुणाने पुढे वेल्डिंगचेच काम चालू ठेवले. मे महिन्यात पाऊस पडून गेला की तो सायंकाळी चिकित्सालयाच्या दारात डोकावतो आणि "डॉक्टर, उद्या जाऊ का?" असे हसत विचारतो. मी त्याला आत बोलावतो, मूत्राचा वर्ण विचारतो, रात्री झोप कशी लागली ते विचारतो आणि मगच उत्तर देतो. वळिवाच्या आठवड्यात आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक श्रमिकाला एवढा वेळ मिळावा, इतकीच अपेक्षा.