खिडकीतून ऐकलेला हायड्रोजन

हार्वर्ड विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, लायमन प्रयोगशाळेच्या एका खिडकीतून १९५१ साली प्लायवूडचा भलामोठा कर्णा बाहेर डोकावत होता. आतून त्याला तांब्याचा पत्रा लावलेला. पाऊस आला की पाणी थेट प्रयोगशाळेत शिरायचे आणि हिवाळ्यात येणारे-जाणारे विद्यार्थी त्यात नेम धरून बर्फाचे गोळे मारायचे. हॅरोल्ड ईवेन या विद्यार्थ्याच्या पीएच.डी.चे हे मुख्य उपकरण. अनुदान ५०० डॉलर. बाकी यंत्रे शनिवार-रविवारपुरती उसनी.

हायड्रोजनच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन (स्वतःभोवतीच्या गिरकीसारखा गुणधर्म) उलटा झाला की २१ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झची रेडिओ लहर बाहेर पडते. एकट्या अणूत हे आपसूक घडायला सरासरी एक कोटीहून अधिक वर्षे लागतात. पण आकाशगंगेत हायड्रोजन अफाट आहे, तेव्हा ही लहर सापडू शकेल, असे हेंड्रिक व्हान डी हुल्स्ट या डच विद्यार्थ्याने १९४४ मध्येच सुचवले होते. ईवेनचा कर्णा हीच लहर टिपण्यासाठी होता.

अडचण अशी, की यंत्राचा स्वतःचा गोंगाटच या लहरीहून कितीतरी मोठा. ईवेन आणि त्याचे मार्गदर्शक एडवर्ड पर्सेल यांनी त्यावर तोड काढली. यंत्राने हायड्रोजनची वारंवारिता आणि तिच्या शेजारची एक वारंवारिता आलटून पालटून, सेकंदात कित्येकदा, ऐकायची. गोंगाट दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. वजाबाकी केली की तो निघून जातो आणि हायड्रोजन तेवढा उरतो. माझ्या मते या शोधातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वजाबाकीच आहे. २५ मार्च १९५१ रोजी संकेत मिळाला. दृश्य प्रकाश अडवणारी धूळ या लहरींना अडवत नाही, त्यामुळे पुढे आकाशगंगेच्या सर्पिल भुजांचे नकाशे काढता आले.

हीच लहर आज आपल्या जुन्नर तालुक्यातही टिपली जाते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथल्या निरीक्षणांतून मॅकगिल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले अर्णब चक्रवर्ती आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले निरुपम रॉय यांनी एका दीर्घिकेतला हायड्रोजन शोधला. ही बातमी २०२३ च्या जानेवारीत आली. लहर तिथून निघाली ८८० कोटी वर्षांपूर्वी. विश्वाच्या प्रसरणाने ती इतकी ताणली गेली, की १४२० ऐवजी ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास सापडली. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने ती सुमारे तीसपट प्रखर केली नसती, तर ती हाती लागलीच नसती.

बी.एस्सी.च्या मुलामुलींना एक आग्रहाचे सांगणे आहे. खगोलशास्त्र करायचे म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचे प्रात्यक्षिक टाळू नका. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरते, तिथे जरूर जा. अँटेना पाहून झाल्या की तिथल्या अभियंत्यांना गाठा आणि गोंगाटातून संकेत कसा वेगळा काढतात, हे नीट समजून घ्या.