ट्रकच्या गिअरबॉक्सला बाहेरून फिल्टर बसवताना

आपल्या मंडळींत पिथमपूरच्या कारखान्यांत नोकरी केलेले बरेच जण आहेत आणि काही घरांत ट्रक-टिपरचा व्यवसायही आहे. गेल्या पावसाळ्यात अशाच एका घरच्या ऑटोमॅटिक टिपरला बाहेरून बसवलेला गिअरबॉक्सचा फिल्टर दगड लागून फुटला. फिल्टर चांगल्या प्रतीचा होता, पण पुढच्या चाकामागे, चेसिसच्याही खाली लोंबत होता. काही मिनिटांत ऑइल रस्त्यावर गेले आणि गिअरबॉक्स उघडावा लागला. तेव्हापासून अनेकांनी विचारणा केली, म्हणून आमच्यातील जाणकारांशी बोलून हे लिहीत आहोत.

हाताने गिअर टाकायच्या नेहमीच्या ट्रकला या फिल्टरची गरज सहसा नसते. तिथे वेळेवर ऑइल बदलावे आणि ड्रेन प्लगच्या चुंबकाला किती चुरा चिकटला आहे ते पाहावे, एवढे पुरते. ऑटोमॅटिकमध्ये मात्र ऑइल नुसते वंगण नसते. टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद तेच पुढे नेते, क्लच प्लेटा तेच दाबून धरते आणि आतली उष्णताही तेच कूलरपर्यंत नेते. प्लेटांच्या झिजेची बारीक पूड व्हॉल्व्हमध्ये अडकली की गिअर उशिरा पडतात, झटके बसतात. कंपनीचा फिल्टर असतोच. बाहेरचा हा त्याला जोड म्हणून.

पण या जोडीबरोबर गळतीच्या जागाही वाढतात, हे आधी लक्षात घ्यावे. मुंबईकडे जाताना मानपूरपुढे गणेश घाट लागतो, सेंधव्यापुढे बिजासन. भरल्या गाडीने उतरताना ऑइल गेले तर क्लच प्लेटा पकड सोडतात, इंजिनाचा रोध जातो, ऑइलवर चालणारा रिटार्डर असेल तर तोही जातो. सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो, आणि ते तापले की त्यांची पकडही सुटत जाते. गरम सायलेन्सरवर ऑइल उडाले तर आगीची भीती वेगळीच.

म्हणून जागा आधी ठरवावी, फिल्टर मागून घ्यावा. चेसिसच्या लांब पट्टीची आतली बाजू सर्वांत बरी. फिल्टरचे बूड पट्टीच्या खालच्या कडेच्या वर राहिले पाहिजे. पुढच्या चाकामागची जागा, सायलेन्सरचा शेजार आणि प्रोपेलर शाफ्टच्या फिरण्याची रेषा टाळावी. फिल्टर काढायला हात आणि पाना जाईल एवढी मोकळीक हवी. नाहीतर मेकॅनिक तो बदलायचे टाळतो, हा अनुभव आहे.

चेसिसला वेल्डिंग करू नये. पट्टीच्या वरच्या-खालच्या आडव्या कडांना भोकेही पाडू नयेत. चेसिसची ताकद तिथे असते. उभ्या भागातली कंपनीची रिकामी भोके वापरावीत. ब्रेकच्या नळ्यांच्या क्लॅम्पवर फिल्टर टांगणे तर अजिबात नको. ब्रॅकेट जाड पट्टीचे हवे. ऑइलने भरलेला फिल्टर जड असतो आणि पातळ पत्रा हादऱ्यांनी चिरतो. लोहामंडीत हवी तशी पट्टी कापून मिळते, त्यात कंजुषी नको.

फिल्टर कूलरकडून परत येणाऱ्या नळीवर बसवावा. तिथे ऑइल थोडे थंड असते आणि कूलरमधली घाणही अडते. परतीची नळी कोणती ते कंपनीच्या पुस्तकात पाहावे. फिल्टरच्या डोक्यावर बाण असतो, तो उलटा झाला तर सगळीच मेहनत वाया. डोक्यात बायपास व्हॉल्व्ह आहे ना, तेही विचारून घ्यावे; फिल्टर तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट झाले तरी त्यामुळे प्रवाह थांबत नाही. नळी गरम ऑइल आणि दाब सोसणारी, मूळ नळीइतक्याच आतल्या व्यासाची हवी. पाण्याची किंवा डिझेलची नळी चालत नाही. गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर हलतो, चेसिस त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून नळीला थोडा झोळ ठेवावा आणि जिथे ती लोखंडाला घासेल तिथे रबर लावलेली क्लिप घालावी.

आता संरक्षण. पुढून आणि खालून जाड पत्र्याचे कवच करावे, मागची बाजू मोकळी सोडावी आणि तळाला मोठी भोके ठेवावीत. माळव्याची काळी माती पावसात लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. बंद डब्यासारख्या कवचात ती भरली तर फिल्टरला वारा लागत नाही आणि गळती सुरू झालेली दिसतही नाही. याच कारणासाठी भोवती गोणपाट किंवा जुन्या टायरचे तुकडे कोंबू नयेत. कवच दोन-चार बोल्टांत निघावे. सायलेन्सर जवळच असेल तर मध्ये वेगळा पत्रा उभा करावा, दोन्हींकडून हवेची फट ठेवून.

बसवताना रबरी रिंगला ऑइलचे बोट फिरवावे. फिल्टर हाताने आवळावा, पान्याने पिळू नये. मग इंजिन सुरू करून सांधे पाहावेत आणि कंपनीने सांगितलेल्या तापमानाला ऑइलची पातळी पुन्हा मोजावी, कारण नव्या फिल्टरमध्ये आणि नळ्यांत काही ऑइल जातेच. पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा टॉर्च घेऊन खाली वाकावे. गाडी वॉरंटीत असेल तर काहीही जोडण्यापूर्वी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडून लेखी होकार घ्यावा.

त्या टिपरचा नवा फिल्टर आता चेसिसच्या आत, कवचासह बसला आहे. चालक दर रविवारी कवच उघडून माती काढतो.