माळावरची सायकल : गिऱ्हाईक येईल, पण आधी इजाजत

हिवाळ्यात रविवारी सकाळी आम्ही उधारी वसुलीसाठी बारामतीहून भवानीनगरकडे निघालो की अलीकडे रस्त्यात सायकलवाल्यांची टोळी भेटते. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेला रंगीत सदरा आणि खाली जाडजूड टायर. आम्ही पडलो कापडाचे व्यापारी. माणूस दिसला की आमची नजर आधी त्याच्या कपड्यावर जाते, मग त्याच्या खिशावर. 'यात आपल्याला काही धंदा आहे का?' असे ओळखीच्या दोन-तीन तरुणांनी विचारले, म्हणून हा हिशेब वाचकांपुढे मांडत आहोत.

ही सायकल वेगळी का?

दूधवाल्याची सायकल आपण जन्मापासून पाहतो. माउंटन बाइक म्हणजे डोंगरी सायकल ही तिची धाकटी बहीण. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन भागात १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरू लागले. त्यांच्या मोडतोडीतून आणि जोडकामातून नवा नमुना तयार झाला. १९८१ मध्ये अशी सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली.

शर्यतीच्या रस्त्यावरील सायकलचा टायर २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतो, तर हिचा दोन ते अडीच इंच. त्यात हवा कमी भरतात, त्यामुळे तो खडी-मुरमाला पकडून चालतो. पुढचा चिमटा धक्के झेलतो आणि ब्रेक डिस्कचे असतात. जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर' या आंतरराष्ट्रीय शर्यतीचा एक टप्पा बारामतीत संपला. पण ती शर्यत डांबरी रस्त्याची होती. आम्ही लिहीत आहोत ते गाडीवाटेबद्दल आणि माळाबद्दल.

भवानीनगरची जमीन

नीरा डावा कालवा ज्याने नीट पाहिला, त्याला ही जमीन समजली. कालवा आणि नीरा नदी यांच्यामधली जमीन भिजते. तिथे ऊस, काळी माती, चाऱ्या आणि बांध. कालव्याच्या वरच्या अंगाला, उत्तरेकडे गेले की पाणी संपते आणि माळ सुरू होतो. बुटकी टेकाडे, कोरडे ओढे, मुरूम, बाभळी आणि गवत. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. शेतकऱ्याला ही जमीन रडवते, पण सायकलवाल्याला हीच हवी असते. चढ छोटे, उतार सोपे आणि मुरमात पाणी थांबत नाही.

काळ्या मातीचे मात्र उलट. एक पाऊस पडला की ती टायरला अशी चिकटते की चाक फिरायचे थांबते. म्हणून पहिला नियम असा की पावसानंतर मातीच्या वाटेवर दोन-चार दिवस सायकल नेऊ नये. ओल्या वाटेत पडलेली चाकोरी वाळल्यावर दगडासारखी होते आणि तिचा त्रास पुढे बैलाला आणि माणसाला होतो.

दुसरा शत्रू काटा. बाभळीचा काटा दिसतो तरी, सराटा दिसतही नाही. जाणकार लोक ट्यूब काढून टायरमध्ये पातळ रबरी द्रव भरतात. बारीक भोक पडले की तो तिथे जाऊन घट्ट होतो. सायकल किंवा मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या आमच्या बांधवांनी हे काम शिकून घ्यावे. पंक्चर काढण्याच्या धंद्याला कोणी हिणवत असेल तर हिणवू द्या. माळावर अडकलेल्या माणसाला त्याची किंमत बरोबर कळते.

हंगाम आणि उसाच्या गाड्या

सायकलचा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमका हाच गाळपाचा मोसम. भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याकडे या दिवसांत बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चाललेले असतात. अनेक ट्रॉल्यांना मागे लाल पट्टी नसते, आणि ऊस बाजूला इतका बाहेर आलेला असतो की चालकाला मागचे दिसत नाही. म्हणून अंधारात निघू नये. कारखान्याकडे जाणारे रस्ते सोडून वाट धरावी आणि भरलेल्या गाडीला नेहमी आधी जाऊ द्यावे. तो ऊस कोणाची तरी वर्षाची कमाई आहे, आपली सायकल रविवारची करमणूक आहे.

कालव्याच्या कडेची वाट दिसायला सपाट आणि सुंदर आहे, पण ती पाटबंधारे खात्याची आहे. कठडा नाही आणि पाण्याला ओढ आहे. त्याचप्रमाणे कडबनवाडीचे गवताळ रान वन खात्याचे आहे. तिथे चिंकारा आणि लांडगे आहेत. लांडग्याची पिल्ले हिवाळ्यातच लहान असतात. खात्याच्या परवानगीशिवाय त्या रानात चाक घालू नये.

आता मुख्य गोष्ट

गेल्या वर्षीची हकीकत. आमचे एक जुने गिऱ्हाईक, भवानीनगरच्या बाजूचे शेतकरी. अवकाळी पाऊस झाल्यावर त्यांच्या बांधावरून पंधरा-वीस सायकली गेल्या. बांध दोन ठिकाणी फुटला आणि शेजारच्या गव्हात चाके गेली. कोणी विचारले नाही, कोणी थांबलेही नाही. पुढच्या रविवारी त्यांनी वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. आमच्यापुढे कापडाचा ठोक भाव चालला होता, तो सोडून ते अर्धा तास हेच बोलत राहिले. "पैसे नकोत हो, पण विचारायला तरी हवे होते," हे त्यांचे वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात बर्क या गावाभोवती 'किंगडम ट्रेल्स' नावाच्या सायकलवाटा आहेत. १९९४ मध्ये ही संस्था सुरू झाली. वाटांची लांबी दीडशे किलोमीटरच्या वर गेली, गावात खाणावळी आणि दुकाने चालू लागली. पण जमीन संस्थेची नव्हती, खासगी मालकांची होती. गर्दी आणि वागणुकीच्या तक्रारी वाढल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये तीन जमीनमालकांनी सायकलींना दिलेली इजाजत काढून घेतली. वाटांचे जाळे मधूनच तुटले. ज्यांनी त्या वाटांच्या भरवशावर दुकान थाटले होते, त्यांच्या पोटात गोळा आला असेल हे कोणताही दुकानदार ओळखेल.

तात्पर्य, कापडाच्या धंद्यात जसा सूत हा कच्चा माल, तसा या धंद्यात इजाजत हा कच्चा माल. सूत नसताना माग बसवू नये.

हिशेब

पाटी लावून आखलेली सायकलवाट या भागात आमच्या पाहण्यात नाही. समजा, माळावर वीस किलोमीटरची वाट ठरली आणि रविवारी २० जण आले. नाश्ता ६० रुपये आणि जेवण २०० रुपये धरले तर ५,२०० रुपये होतात. प्रत्येकी ५० रुपये वाटेचा निधी घेतला तर आणखी १,००० रुपये. हंगामात १६ रविवार धरले तर एकूण उलाढाल ९९,२०० रुपये. हा नफा नव्हे, उलाढाल आहे. त्यातून किराणा, गॅस, मजुरी जायची. एखाद्या रविवारी कोणी येणारही नाही. म्हणजे हा जोडधंदा आहे, पोटाचा मुख्य धंदा नव्हे. कर्ज काढून यात उतरू नये.

निधीचे मात्र १६,००० रुपये होतात. आठ शेतकऱ्यांच्या जमिनीतून वाट गेली तर प्रत्येकी २,०००. बांधाची दुरुस्ती त्यात होते आणि त्याहून मोठी गोष्ट, मालकाचा मान राहतो. बोलणे तोंडी ठेवू नये. कोणती वाट, कोणते महिने, नुकसान झाले तर कोण भरणार, हे साध्या कागदावर लिहून सह्या घ्याव्यात.

मेहमानदारी या भागाला शिकवायला नको. संत तुकाराम महाराजांची पालखी सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी याच भागातून जाते आणि गावे हजारो माणसांची सोय करतात. इंदापूर तालुक्यातच उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी पाहायला लोक येऊ लागले, तेव्हा मासेमारी करणाऱ्यांनी आपल्या होड्यांतून त्यांना फिरवायला सुरुवात केली. नवी होडी कोणी आधी विकत घेतली नाही, होती तीच वापरली. शहाणपण यालाच म्हणतात.

कपड्याबद्दल थोडे

आमच्याच गल्ल्यातली चूकही सांगून टाकतो. एका सायकल मंडळाला आम्ही सुती टी-शर्ट दिले. सूत उत्तम, शिलाई उत्तम. महिन्याभरात तक्रार आली. सूत घाम पिते आणि ओले राहते, चढावर अंगाला चिकटते, उतारावर गार पडते. या कामाला विणलेले हलके पॉलिस्टर लागते, ते घाम लवकर वाळवते. मंडळाचे नाव छापायची सब्लिमेशन पद्धतही पॉलिस्टरवरच बसते, सुतावर नाही. चड्डीला लायक्रा आणि बसण्याच्या जागी गादी हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे आणि सायकलवरचा करही १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. शिलाईवाल्यांनी वीस-पंचवीस नगांच्या छोट्या ऑर्डरी घ्यायची तयारी ठेवावी.

तरुणांना आमचा सल्ला एवढाच. पहिल्या हंगामात एक रुपयाही गुंतवू नका. पायी माळ फिरा, कोणाची जमीन कुठे संपते ते पाहा, चहा घ्या आणि विचारा. आमच्या त्या शेतकरी मित्रांकडे आम्ही दोन तरुणांना घेऊन गेलो होतो. फुटलेला बांध त्यांनी स्वतः माती टाकून नीट केला. बाभळीच्या फांद्या अजून आहेत, पण आता त्या वाटेच्या कडेला सरकवून ठेवल्या आहेत.