राष्ट्राचें प्रायश्चित्त

पूर्वजांच्या पातकाबद्दल वंशजांनीं क्षमा कां मागावी, असें पुष्कळ सुज्ञ लोक विचारितात. नेदरलंड्सचें उदाहरण पहा. त्या राष्ट्रानें सुरिनाममधील गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजीं बंद केली. परंतु भरपाई मिळाली ती मालकांस, गुलामामागें ३०० गिल्डर! मुक्त झालेल्यांच्या हातीं कवडीहि पडली नाहीं. उलट काम करण्याजोग्या स्त्रीपुरुषांस आणखी दहा वर्षें सक्तीनें राबावें लागलें. अखेर १ जुलै २०२३ रोजीं राजे विलेम-अलेक्झांडर यांनीं आम्स्टरडॅम येथें प्रकट क्षमा मागितली.

आम्हांस हें योग्य वाटतें. जो वारसा घेतो त्यानें ऋणहि फेडावें, असा धर्मशास्त्राचा दंडक आहे. व्यक्ति मरते, राष्ट्र मरत नाहीं. ब्रिटननें १८३३ च्या कायद्यान्वयें गुलामांच्या मालकांस दोन कोटि पौंड देऊं केले. त्यासाठीं काढलेल्या कर्जाची अखेरची फेड २०१५ सालीं झाली. मालकांपायीं झालेलें कर्ज इतकीं वर्षें ज्यांच्या वहींत राहिलें, त्यांनीं गुलामांचें देणें तेवढें जुनें म्हणून सोडावें काय?

मात्र मनूनें पापमुक्तीच्या उपायांत ख्यापन, म्हणजे आपलें पाप उघड सांगणें, प्रथम मोजिलें आहे, तप त्यापुढचें. राजाच्या मुखें ख्यापन झालें. तप अद्यापि उरलें आहे.