ग्रेसचे मार्क आणि उधळ्या मुलाचा बाप

आमच्या मंडळीच्या रविवारच्या शाळेत मी बावीस वर्षे शिकवतो आहे. 'कृपा' हा शब्द आला की दरवर्षी एखादे पोर विचारतेच, ''सर, कृपा म्हणजे ग्रेस ना? नापासाला देतात ते मार्क?'' पूर्वी मी हसून पुढे जात असे. आता तिथेच थांबतो. कारण ग्रेसचे मार्क मिळायलाही काठावर पोचावे लागते. पस्तिसाला दोन-तीन कमी पडले तर ते मिळतात. बारा मार्क पडलेल्याला कोणी विचारत नाही. ख्रिस्ती कृपेचे म्हणणे नेमके त्या बारावाल्याविषयी आहे.

नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'खारिस'. आनंदवाचक धातूशी त्याचे नाते आहे. प्रसन्नता, मर्जी, देणगी आणि त्या देणगीबद्दलचे आभार, एवढे सगळे त्यात मावते. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत तो एकदाही येत नाही. पौलाच्या नावावरच्या पत्रांत मात्र सुमारे शंभर वेळा येतो. मराठीत त्यासाठी 'कृपा' हा भक्तिपरंपरेतला तयार शब्द आला. त्याने सोय झाली, तशी अडचणही. आपल्याकडे कृपेमागोमाग उपकार येतो आणि उपकारामागोमाग फेड. ''आपल्या कृपेने बरे चालले आहे'' म्हणणारा मनात ऋणाची वही उघडी ठेवूनच बोलतो. पौलाला ती वहीच मिटायची होती. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, तिला कृपा म्हणत नाहीत, असा त्याचा रोमकरांस लिहिलेल्या पत्रातला युक्तिवाद आहे.

मग माणसाचा वाटा किती? या प्रश्नावर पेलागियस आणि ऑगस्टीन भांडले, 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसच्या मताविरुद्ध निर्णय दिला, लूथरच्या काळात त्याच प्रश्नावरून चर्च दुभंगले, आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी यावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांतही असाच वाद आहे. वडकलै म्हणतात, माकडाचे पिल्लू निदान आईला धरून तरी ठेवते. तेंकलै म्हणतात, मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानेला धरून नेते. दोन्ही दृष्टांत पिल्लांचे आहेत, याची मला नेहमी गंमत वाटते.

माझे पिल्लू आठवीत असताना त्याने प्रगतिपुस्तकावर माझी सही मारली. गणितात बारा मार्क होते. (वरचा आकडा उगाच आलेला नाही.) मी पहिले वाक्य उच्चारले ते असे: ''तुझ्यासाठी आम्ही एवढे करतो, आणि तू?'' म्हणजे वही उघडली. बावीस वर्षांतले निदान दहा रविवार मी उधळ्या मुलाचा दाखला शिकवण्यात घालवले आहेत, आणि घरात मला आठवली ती वही!

लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या त्या दाखल्यात एक बारकावा आहे. मुलगा वाटेतच बोलणे पाठ करतो: मी पाप केले, मी मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मजूर म्हणून ठेवा. भेट झाल्यावर तो पहिली दोन वाक्ये बोलतो. तिसरे, मजुरीचे, त्याच्या तोंडून येतच नाही; बाप त्याआधीच झगा आणि अंगठी मागवतो. पोरगा पगारावर राहायला तयार होता, बापाने तो सौदा केलाच नाही.

म्हणजे सोडून द्यायचे का? बोनहोफर यांनी 1937 सालच्या आपल्या पुस्तकात 'स्वस्त कृपे'वर कडक टीका केली आहे, ती इथे लागू पडते. आणि तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर कृपाच आपल्याला शिकवते असे म्हटले आहे. तिथले ग्रीक क्रियापद 'पाइस', म्हणजे मूल, या शब्दापासून आले आहे. मुलाला वाढवणे, वळण लावणे हा त्याचा अर्थ. कृपा आणि शिस्त या दोन टोकांच्या गोष्टी आहेत असे मी धरून चाललो होतो. त्या पत्रात कृपाच शिस्त लावते आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर शाळेत गेलो. बाईंना त्याने स्वतः सांगितले, मी शेजारी उभा राहिलो. शिक्षा झाली, ती त्याने भोगली. घरी येताना आम्ही उसाचा रस प्यायलो. त्या सहीचा विषय मी पुन्हा काढला नाही. दोनदा जिभेवर आला होता.

हे सगळे मी मोठ्या समाधानाने लिहिले असते, पण माझी मुलगी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी आहे. कायम पहिल्या पाचांत, कधी तक्रार नाही. रात्री भांडी लावता लावता ती म्हणाली, ''पप्पा, मला एकदा ऐंशी मिळाले होते तेव्हा तुम्ही दोन दिवस बोलला नव्हतात. आठवतं?''

मला आठवत नव्हते. दाखल्यातला थोरला भाऊ अंगणात उभा आहे, बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो आहे. तो आत गेला की नाही, हे लूक लिहीत नाही. मी फडके घेतले आणि तिच्या शेजारी उभा राहून ताटे पुसू लागलो.