झाकलेले खालचे दात : प्रौढ वयातील ओव्हरबाइट

अकोल्याच्या कापड बाजारात किंवा अमरावतीच्या जवाहर रोडवर दुकान असलेला, पंचेचाळिशी उलटलेला एखादा गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. ग्राहकांशी बोलणे आणि हसतमुखाने माल दाखविणे हाच त्याचा दिवसभराचा व्यवसाय. अलीकडे मात्र खाकरा किंवा भाकरीचा कडक पापुद्रा चावताना वरच्या दातांच्या मागे, टाळूला टोचल्यासारखे होते. खालचे पुढचे दात झिजून आखूड झाले आहेत. थंड पाणी तोंडात घेतले की कळ येते. ‘वय झाले, दुसरे काय!’ असे म्हणून तो गप्प बसतो. घरातील चौदा वर्षांच्या मुलाची दातांची ठेवणही तशीच आहे आणि ‘अगदी बापावर गेला’ म्हणून तिचे कौतुकच होते.

या दोघांच्याही तोंडातील दोषाला दंतवैद्यकात ओव्हरबाइट म्हणतात. दाढा मिटल्यावर वरचे पटाशीचे दात खालच्या दातांना किती झाकतात, याचे ते माप आहे. दोन ते तीन मिलिमीटर झाकले जाणे स्वाभाविक आहे. त्याहून बरेच अधिक झाकले गेले, तर त्यास डीप बाइट म्हणतात. वरचे दात पुढे आलेले असणे हा निराळा दोष असून त्याला ओव्हरजेट म्हणतात. पहिले माप उभे, दुसरे आडवे. लोक दोन्हींना ‘दात पुढे आहेत’ असे एकच नाव देतात. परंतु ज्याचे दात बाहेरून सरळ आणि देखणे दिसतात, त्याच्याही तोंडात खोल ओव्हरबाइट असू शकतो. म्हणूनच तो वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

आरशासमोरची परीक्षा

ओळखण्याची पहिली पायरी घरीच होऊ शकते. हात स्वच्छ धुवून आरशासमोर ताठ बसावे, दाढा नेहमीप्रमाणे मिटाव्यात आणि बोटांनी दोन्ही ओठ दूर करावेत. खालचे पुढचे दात निम्म्याहून अधिक झाकले जात असतील किंवा मुळीच दिसत नसतील, तर तपासणी करून घ्यावी. मग तोंड उघडून वरच्या दातांच्या मागील टाळू पाहावा. तेथे दातांचे वण, लाली किंवा जखम असेल, तर खालचे दात टाळूवर आदळत आहेत असे समजावे. खालच्या दातांच्या कडा सपाट होणे, त्यांच्या पुढील हिरडी खाली सरकणे, बसविलेली कॅप वारंवार निघणे किंवा तुटणे, याही खुणा आहेत.

प्रौढ वयात हा दोष वाढण्याचे एक कारण आपल्या घरांत फार आढळते. दुखणारी दाढ काढून टाकली जाते आणि तिच्या जागी दुसरी बसविण्याचे राहून जाते. मागच्या दाढांचा आधार गेला की दोन्ही जबडे अधिक जवळ मिटू लागतात आणि पुढच्या दातांवर भार येतो. झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर झीज आणखी लवकर होते. झिजलेले दंतवल्क शरीर पुन्हा निर्माण करीत नाही. ज्याचा ओव्हरबाइट थोडा आहे आणि ज्याला झीज, जखम वा दुखणे नाही, त्याला उपचाराची गरज असतेच असे नाही. नियमित तपासणी त्याला पुरेशी ठरते.

या वयात दात सरकतात काय?

सरकतात. दातावर सौम्य आणि सतत दाब दिला, तर एका बाजूचे हाड विरघळते व दुसऱ्या बाजूस नवे भरते. ही क्रिया पन्नाशीतही चालू असते. फक्त गती थोडी मंदावते. वयापेक्षा हिरड्यांची प्रकृती अधिक महत्त्वाची आहे. हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असतील किंवा मधुमेह आटोक्यात नसेल, तर आधी त्यावर उपचार करावे लागतात. हाडांच्या ठिसूळपणासाठी औषधे सुरू असतील, तर ती माहिती दंतवैद्यापासून लपवू नये.

दात सरळ करण्याच्या शास्त्राचे तज्ज्ञ ते ऑर्थोडॉन्टिस्ट. ते दातांचे माप घेतात आणि दोन क्ष-किरण चित्रे काढतात : एक संपूर्ण जबड्याचे, दुसरे चेहऱ्याचे बाजूने. दोष दातांत आहे की जबड्याच्या हाडात, हे त्यावरून ठरते. दातांचा दोष क्लिपा आणि तारांनी दुरुस्त होतो. पुढचे दात हिरडीच्या दिशेने किंचित आत दाबले जातात किंवा दाढा थोड्या वर आणल्या जातात. कधी हाडात बारीक स्क्रू बसवून त्याचा आधार घेतात. सौम्य दोषांत पारदर्शक अलाइनर चालतात. जबड्याच्या हाडातच मोठा फरक असेल, तर प्रौढ वयात शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो, कारण हाडाची वाढ थांबलेली असते. क्लिपांचा काळ बहुधा दीड ते दोन वर्षांचा असतो. त्यानंतर रिटेनर वापरला नाही, तर दात पुन्हा मूळ जागेकडे वळतात.

आपला आहार, आपले नियम

जैन कुटुंबाने उपचार सुरू करण्यापूर्वी आपली दिनचर्या तज्ज्ञांना स्पष्ट सांगावी. तारा घट्ट केल्यावर दोन-तीन दिवस मऊ आहार घ्यावा लागतो. तेव्हा बटाट्याचे पदार्थ सुचविले जातात. आपल्याकडे मुगाची खिचडी, वरण-भात, दुधीची भाजी हे पदार्थ त्याची जागा सहज घेतात. खाकरा, फुटाणे आणि ऊस यांनी क्लिप निघू शकते. सुपारी तर सोडावीच. हळदीने क्लिपांवरील पारदर्शक रबर पिवळे पडते, म्हणून राखाडी रबर मागून घ्यावे.

चौविहार पाळणाऱ्याने सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर लगेच दात नीट स्वच्छ करावेत, कारण त्यानंतर क्लिपांत अडकलेले अन्न रात्रभर तसेच राहते. उपवासात लाळ कमी होते आणि क्लिपा टोचून तोंड येण्याचा संभव असतो. यासाठी अठाईसारख्या तपापूर्वी तारा घट्ट करण्याची तारीख घेऊ नये. अलाइनर दिवसाचे 20 ते 22 तास घालावे लागतात आणि खाताना काढावे लागतात. एकासना किंवा बियासना करणाऱ्याला ही अट उलट सोपी जाते. व्रतात तोंडात उपकरण ठेवण्याविषयी शंका असल्यास गुरुमहाराजांना आधी विचारावे. हिरडीच्या शस्त्रक्रियेत वापरावयाचे हाडाचे साहित्य कधी कधी प्राणिजन्य असते. तेव्हा ते कशापासून बनले आहे, हेही आधी विचारून घ्यावे.

खर्चाचा हिशेब

दुकानात माल घेताना जी दक्षता घेतो, ती येथेही घ्यावी. लेखी अंदाजपत्रक मागावे. त्यात क्ष-किरण, दात काढणे, दरमहाच्या भेटी, तुटलेली क्लिप पुन्हा बसविणे आणि शेवटचा रिटेनर यांचा समावेश आहे काय, ते पाहावे. सर्व रक्कम आरंभीच न देता टप्प्याटप्प्याने द्यावी आणि प्रत्येक वेळी पावती घ्यावी. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत दातांचा असा उपचार समाविष्ट नसतो, म्हणून विम्याच्या भरवशावर राहू नये.

दंतवैद्याला तोंड न दाखवता घरपोच अलाइनर मागविण्याचा मोह टाळावा. अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब ही अशी मोठी कंपनी डिसेंबर 2023 मध्ये अचानक बंद झाली आणि अनेकांचे उपचार अर्धवट राहिले. आपल्याकडे दंतवैद्यांच्या नोंदणीसाठी 1948 चा कायदा आहे. नोंदणी क्रमांक आणि ऑर्थोडॉन्टिक्स विषयातील एमडीएस पदवी विचारण्यात संकोच नसावा.

यासाठी मुंबई-पुण्यास जावे लागते, हाही समज जुना झाला. अमरावतीत विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, तर अकोल्याजवळ कान्हेरी सरप येथेही दंत महाविद्यालय आहे. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयांत खर्च बहुधा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो; वेळ मात्र अधिक द्यावा लागतो. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज विक्रम नोंदविला गेला. एका गावी दुकान आणि दुसऱ्या गावी उपचार, हे आता दरमहा एका दिवसात जमण्यासारखे आहे.

आरंभीच्या त्या गृहस्थाने अजूनही उशीर केलेला नाही. टाळूची जखम थांबू शकते, उरलेले दात वाचू शकतात. झिजलेल्या दातांना उपचारानंतर पुन्हा आकार देता येतो. त्याच्या मुलाला मात्र एक अधिकची संधी आहे. त्याच्या जबड्याची वाढ अजून संपलेली नाही. हाडाचा जो दोष वडिलांच्या वयात शस्त्रक्रियेवाचून हटत नाही, तो या वयात पुष्कळदा काढ-घाल करता येणाऱ्या उपकरणानेही बराच कमी करता येतो. ही संधी वर्ष-दोन वर्षांचीच असते. मुलींमध्ये तर ती आणखी लवकर संपते. म्हणून वडील तपासणीसाठी जातील, त्याच दिवशी त्यांनी मुलालाही सोबत न्यावे.